शिदोरीत काय बांधले?

जुलै महिना लागला की सक्करदरा परिसरातील मध्यमवर्गीय घरांतून आता एक नवाच सोहळा पाहावयास मिळतो. कोणाचा मुलगा अमेरिकेस, कोणाची मुलगी जर्मनीस निघालेली असते. व्हिसा मिळाल्याचे पेढे वाटले जातात, सत्यनारायण होतो, बुधवार बाजारातून तिखट-मसाल्याची खरेदी होते आणि बॅगा पुन्हा पुन्हा वजनकाट्यावर चढविल्या जातात. तेवीस किलोंत काय बसवावे, लोणचे की सांडगे, याचा खल रात्री उशिरापर्यंत चालतो. मुलाच्या मनाच्या शिदोरीत आपण काय बांधून दिले, याचा विचार मात्र त्या धांदलीत राहून जातो.

हा आता मूठभर श्रीमंतांचा विषय उरलेला नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी आपण चीनलाही मागे टाकले. यांतील कितीतरी मुले शिक्षकांची, कारकुनांची, लहान दुकानदारांची आहेत. घर तारण ठेवून, कर्ज काढून ती गेली आहेत. आणि कर्ज आहे म्हणूनच तिकडे मन रमत नसेल तर ते घरी सांगण्याची त्यांना चोरी होते.

कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात या अवस्थेची ‘सांस्कृतिक धक्का’ म्हणून मांडणी केली, तेव्हापासून ती संज्ञा रूढ झाली. पहिले काही आठवडे नवलाईचे असतात. नंतर बारीकसारीक गोष्टी टोचू लागतात. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात आणि शेजाऱ्यांना आवाज चालत नाही. रविवारी सकाळी डाळीसाठी कुकरच्या चार शिट्ट्या केल्या म्हणून शेजारी दार ठोठावतो. अमेरिकेत प्राध्यापकाला नावाने हाक मारावी लागते. ‘सर’ म्हणत वाढलेल्या मुलाची जीभच वळत नाही. त्याच प्राध्यापकाचे म्हणणे खोडून काढले तर गुण मिळतात आणि पुस्तकातला उतारा नाव न देता उतरविला तर काढून टाकण्यापर्यंत वेळ येते. आपल्याकडे याच्या नेमके उलट शिकविलेले असते! त्यात हिवाळ्यात दुपारी साडेचारला अंधार पडू लागतो. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या जिवाला ती काळोखी थंडी जड जाते.

अशा वेळी आपण काय करतो? रात्री साडेआठला जेवणे उरकून फोन लावतो. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा हिवाळ्यातले सकाळचे दहा वाजलेले असतात. ठरलेले प्रश्न विचारले जातात : जेवलास का, आणि वाईट संगत तर नाही ना? दोन्हींची उत्तरे मुलाला पाठ असतात. संस्कार म्हणजे निषिद्ध गोष्टींची यादी, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. मांस नको, मद्य नको. का नको, हे विचारणाऱ्या परक्या मित्राला चार वाक्यांत सांगता येईल, इतके मात्र आपण मुलांशी कधी बोललेलो नसतो. ज्याला ‘का’ ठाऊक नाही, तो पहिल्या थट्टेलाच गडबडतो. मग एक तर सारे सोडून देतो, नाही तर खोलीचे दार लावून बसतो.

या बाबतीत आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण केवळ जयंतीपुरते आठवण्याचे नाही. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. त्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जातो आहोत हे लोकांना सांगितले आणि हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे बजावले. आधी मिशनऱ्यांकडे मागितलेल्या साहाय्याला धर्मांतराची अट जोडली गेली होती, ती या दांपत्याने मानली नव्हती. जाण्यापूर्वी ‘का’चे उत्तर तयार होते, ही लक्षात घेण्याची गोष्ट आहे.

आणि तरीही त्या हटवादी नव्हत्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी सोसत नाही, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. ऑक्टोबर १८८५ मधील एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे. त्यात फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी आहेत : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लांबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेषात. त्या महाविद्यालयाने त्यांच्याकडून वेष बदलण्याची अपेक्षा केली नाही, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण या कथेची दुसरी बाजू आपण सांगत नाही. खोली थंड, शेगडी धूर ओकणारी, मानवेल असे अन्न दुर्मीळ, आणि प्रकृती ढासळत चाललेली. घरून येणारी गोपाळरावांची पत्रे नेहमी धीर देणारी नसत. त्यांत संशय असे, बोचरे शब्द असत. पतीने त्यांना शिकविले, पाठविले, हे श्रेय त्यांचेच. पण दूर राहून जाच केला तोही त्यांनीच. त्या एकाकीपणात आधार ठरल्या न्यूजर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई. त्यांच्याशी आनंदीबाईंनी मावशीचे नाते जोडले. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि वर्षाच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. आपल्या मुलामुलींना परदेशी अशी एखादी मावशी मिळावी असे वाटत असेल, तर लंडनच्या १९३२ पासूनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था आहेत. त्यांचा पत्ता लोणच्याच्या बरणीआधी बॅगेत जावयास हवा.

रेशीमबागेच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ‘सागरा प्राण तळमळला’ हे गीत पाठ असते. १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर ते रचणारे सावरकर सव्वीस वर्षांचे होते, बॅरिस्टरीसाठी गेलेले विद्यार्थी होते. थोरल्या बंधूंना काळ्या पाण्याची शिक्षा झालेली, लहानगा मुलगा गेलेला. ते देशभक्तीचे गीत आहेच, पण ते घरासाठी रडणेही आहे. १९०६ च्या आपल्या बोटप्रवासाच्या आठवणीत त्यांनी घरच्या ओढीने परत फिरू पाहणाऱ्या एका पंजाबी तरुणाविषयी लिहिले आहे; त्याला त्यांनी समजावले, हिणवले नाही. आपल्या घरी मात्र मुलगा फोनवर गप्प झाला की ‘एवढ्यात हिंमत हरलास?’ हा प्रश्न तयार असतो.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोललेली बरी. तिकडे गेल्यावर मुलांना बसणारा मोठा धक्का भांडी घासण्याचा असतो. विद्यापीठाच्या खानावळीत ताटे विसळून तासाचे पैसे मिळवावे लागतात, स्वतःचा संडास स्वतः धुवावा लागतो. तिथला प्राध्यापकही ते करतो. इथे बारावीच्या अभ्यासाच्या नावाखाली आपण त्यांना पाण्याचा पेलाही उचलू दिलेला नसतो, विशेषतः मुलग्यांना. हा दोष पाश्चात्त्य संस्कृतीच्या माथी कसा मारणार?

धक्का नेहमी परदेशातच बसतो असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहाचे अन्न त्यांना रुचले नाही, पण तेथे कोणी त्यांची जात विचारली नाही. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्या वर्षांत पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले. १९१७ मध्ये ते बडोद्यास परतले आणि त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. हिंदू आणि ख्रिस्ती स्नेह्यांनीही काखा वर केल्या. कोणते घर परके आणि कोणते आपले? दीक्षाभूमीच्या या नगरीत हा प्रश्न जुना झालेला नाही. ईशान्येकडून वा मेळघाटातून शिकावयास आलेल्या मुलाला खोली दाखविण्याआधी आडनाव आणि ताटातले पदार्थ विचारणारे घरमालक आपल्या गल्लीतही आहेत. आपला मुलगा बर्लिनमध्ये खोली शोधीत असताना तरी त्यांना हे आठवावे.

डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत तिकडची काही मुले घरी येतात. पुढच्या वर्षी जाणारी मुले तेव्हाच अर्ज भरीत असतात. एखाद्या रविवारी हुरड्याचे निमित्त काढून या दोघांना एकत्र बसवावे, खरे काय ते बोलू द्यावे. आणि आई-वडिलांनी तेवढा वेळ अंगणातच थांबावे.