आमच्या माणसाला वॉर्डाबाहेर काढू नका

शस्त्रक्रिया वॉर्डातील डॉक्टर आणि सिस्टर यांस,



आत्याच्या आतड्याचा पीळ तुम्ही सोडवलात, जीव वाचवलात. ते उपकार आम्ही विसरणार नाही. माझी तक्रार ऑपरेशननंतरच्या दिवसांची आहे.

आम्ही देवरी तालुक्यातले, चिचगडकडचे गोंड. आत्या गोंडीच बोलते, मराठी-हिंदी बाजारापुरती. संमतीच्या कागदावर अंगठा घेताना तिला समजावून सांगायला तुम्हाला मी हवा होतो. ऑपरेशन झालं आणि ‘नातेवाइकांनी बाहेर थांबा’ म्हणून मला व्हरांड्यात काढलंत.

राउंडला विचारलं गेलं, गॅस पास झाला का? आत्याने मान डोलावली. विचारलेलं कळलं नाही, तरी ती मान डोलावते. पांढऱ्या कोटापुढे आमच्याकडचे बहुतेक जण तेच करतात. लगेच चहा-पाणी सुरू झालं. रात्री पोट तट्ट फुगलं, ओकाऱ्या लागल्या, नाकातून नळी घालावी लागली. घाबरून तिने ती उपसली, तर मनगटं खाटेला बांधलीत आणि केसपेपरवर लिहिलंत, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ नळी कशासाठी, हे तिला कुणी सांगितलं होतं? सांगू शकणारा माणूस दारापलीकडेच उभा होता.

तुम्ही म्हणाल, एवढ्या गर्दीत कुणाकुणाची भाषा शिकायची? डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ पासून हेमलकशात आहेत; तिथली माडिया भाषा शिकूनच त्यांनी माणसं तपासली. तेवढं मी मागत नाही. पण २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त आहेत. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड तपासायला तुमच्याकडे आरोग्यमित्र बसतो. दुखतंय कुठे, हे आमच्या भाषेत विचारणारा एकही माणूस का नसावा? राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, असं तीही सांगते.

टाक्यांच्या जागी आता हर्निया झालाय, आत्याला पुन्हा भरती व्हायचंय. ती नको म्हणते. ऑपरेशनला ती भीत नाही, एकटं पडायला भिते. या खेपेला केसपेपरवर वयाखाली तिची भाषा लिहा. राउंडला आणि रात्री आमच्यापैकी एकाला खाटेशी राहू द्या. आणि जुन्या कागदावरची ती नोंद खोडा.

आपला,
व्हरांड्यात थांबवलेला भाचा