न दिसलेला ‘नमस्कार’

इंजिनिअरिंगला असलेला नातू सुटीत बाभुळगावला आला होता. त्याने लॅपटॉपवर सी भाषेत चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. छापायचे शब्द दोनच: इंग्रजी ‘हॅलो’ आणि माझ्या आग्रहाखातर मराठी ‘नमस्कार’.

प्रोग्रॅम कंपाइल केला की ऑब्जेक्ट फाइल तयार होते. ती आपल्याला वाचता येत नाही. रुईची गाठ बांधल्यावर आतला कापूस कसा आहे ते वरून कळत नाही, तसंच. पण आत हात घालून पाहायला लिनक्सवर ‘बायन्युटिल्स’ नावाचा साधनांचा संच आहे. त्यातलं ‘एनएम’ फाइलमधली नावं सांगतं, कोणतं घरचं आणि कोणतं बाहेरून यायचं आहे तेही. ‘स्ट्रिंग्ज’ आतला वाचण्याजोगा मजकूर काढून देतं.

नातवाने स्ट्रिंग्ज चालवलं. ‘हॅलो’ आलं, ‘नमस्कार’ आलंच नाही.

“आबाजी, मराठी गायब!”

मग त्याने ‘ऑब्जडम्प’ने फाइलमधले बाइट उघडून दाखवले. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. पाय मोडल्याची खूण आणि काना धरून ‘नमस्कार’ची ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. सगळे जागेवर होते! स्ट्रिंग्ज आपणहून फक्त आस्की अक्षरांनाच मजकूर मानतं, एवढंच. २०२२ च्या २.३८ या आवृत्तीपासून युनिकोडसाठी वेगळा पर्याय आहे, पण तो मागावा लागतो. न मागितला तर मराठी आजही वगळली जाते.

मला राग आला. पण रात्री झोप लागेना ती वेगळ्याच कारणाने.

आमच्या जिल्ह्यात कोलामी बोलणारी घरं आहेत. त्या घरांतली मुलं माझ्या वर्गात गप्प बसत. मी शेरा लिहीत असे, ‘शब्दसंग्रह अपुरा.’ त्यांच्याकडे शब्द होते, माझ्याकडे ते मोजायचं माप नव्हतं. आणि दुसरं माप मागावं हे मला सुचलंही नाही.

म्हणून वाटतं, मुलांना ही साधनं जरूर शिकवावीत, पण शिकवताना एक सवयही लावावी. ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं, की आपण शोधलं कशाने, हे आधी विचारायचं. त्या साधनाला काय दिसतं हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

नातवाने पर्याय देऊन स्ट्रिंग्ज पुन्हा चालवलं, ‘नमस्कार’ उमटलं. माझे ते शेरे मात्र आता पुन्हा लिहिता येत नाहीत.