शाल कोणाच्या खांद्यावर?

महाविद्यालयाचा वार्षिक समारंभ असला की व्यासपीठावर पाहुणे बसतात, प्राचार्य बसतात. ज्या शिपायाने सकाळपासून खुर्च्या मांडल्या, तो मात्र शेवटच्या रांगेमागे उभा असतो. पुढे निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल-श्रीफळ मिळते, दोन भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे नावही कोणी काढत नाही. हे मला योग्य वाटत नाही.

तमिळनाडूत श्रीवैकुंठम नावाचे गाव आहे. तेथील महाविद्यालयात पी. कल्याणसुंदरम हे ग्रंथपाल होते. त्यांचा जन्म १९४० सालचा. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी नोकरी केली आणि दरमहा हाती येणारा पगार गरजू लोकांसाठी, विशेषतः मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकला. मग स्वतःच्या पोटाचे काय? त्यासाठी ते फावल्या वेळात लहानसहान कामे करीत. हॉटेलात वाढप्याचे कामही त्यांनी केले. ग्रंथालयशास्त्र शिकलेला माणूस एकीकडे विद्यार्थ्यांना पुस्तके काढून देई आणि दुसरीकडे गिऱ्हाइकांसमोर ताटे मांडी! पुढे त्यांनी ‘पालम’ ही संस्था काढली. तमिळमध्ये ‘पालम’ म्हणजे पूल. देणारा आणि गरजू यांच्यामधला पूल. (उर्दूतही आपण पूलच म्हणतो.) भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली ती २०२३ साली. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

कल्याणसुंदरम अविवाहित राहिले, म्हणून त्यांना हे जमले. ज्याच्या घरी मुलेबाळे आहेत, त्याने पगार घरीच नेला पाहिजे. सर्वांकडून असा त्याग मागणे हा अन्याय होईल. शिवाय आज अनेक ठिकाणी सफाई कामगार आणि पहारेकरी कंत्राटावर असतात. त्यांना ‘किती नम्र, किती सेवाभावी’ म्हणायचे आणि वेतन मात्र वेळेवर द्यायचे नाही, ही शुद्ध फसवणूक आहे. आधी पगार, मग सत्कार.

पण नियमात न बसणारी सेवा आपल्या आसपासही घडत असते. शिष्यवृत्तीचा अर्ज चुकला, तर खिडकीवरचा कारकून जेवणाची सुट्टी सोडून तो नीट भरून देतो. परीक्षा जवळ आली की ग्रंथालयातला सेवक बंद करण्याची वेळ झाली तरी दिवा मालवत नाही. यालाच आपल्या घरी खिदमत म्हणतात. तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

ती नोंद महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात व्हावी. विद्यार्थ्यांनी या माणसांना भेटावे, त्यांच्या कामाविषयी विचारावे आणि त्यांच्या नावासह लिहावे. आणि पुढच्या समारंभात विज्ञानाचे पारितोषिक पाहुण्यांऐवजी प्रयोगशाळेतल्या सेवकाच्या हातून द्यावे. वर्षभर त्या मुलाच्या परीक्षानळ्या त्यानेच तर धुतलेल्या असतात.