झाडपाल्याच्या विषालाही लेबल हवं

आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. ‘कपाशीवर औषध मारलं’, ‘औषधाचा डबा गोठ्यात आहे’. जे मारतं त्याला औषध म्हणायची सवय किती महाग पडते, हे २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यानं पाहिलं. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. रासायनिक फवारणीनं धास्तावलेला शेतकरी निंबोळी अर्काकडे, दशपर्णीकडे वळतो, ते योग्यच आहे. पण वळताना तो एक समजूत बरोबर नेतो: झाडपाल्याचं आहे, म्हणजे बाधणार नाही. ही समजूत का सोडायला हवी, आणि सरकारनं व आपण काय करायला हवं, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. किडीचा आणि आपला मज्जातंतू एकाच घडणीचा आहे.

झाडाला पळता येत नाही. खाणाऱ्याला आवरायला ते रसायनं बनवतं आणि त्यांतली काही थेट मज्जातंतूंवर घाव घालतात. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलांतलं पायरेथ्रिन पाहा. मज्जापेशीच्या आवरणात सोडियम आत घेणारी दारं असतात. संदेश पुढे गेला की ती मिटतात. पायरेथ्रिन त्यांना मिटू देत नाही. संदेश थांबत नाही आणि डास उताणा पडून पाय झाडत राहतो. डासांची अगरबत्ती जपानात याच फुलांच्या भुकटीतून जन्मली. आज तिच्यात बहुधा पायरेथ्रिनची कारखान्यात बनलेली भावंडं असतात.

अशीच दारं आपल्या मज्जापेशींतही आहेत. आपण निभावतो ते शरीर मोठं आणि ऊबदार म्हणून, आणि आपलं यकृत हे विष चटकन मोडून काढतं म्हणून. माशाला ही सोय नाही. त्यामुळे पंप ओढ्यात धुणाऱ्यानं ‘फुलांचंच तर आहे’ म्हणून सुटका करून घेऊ नये.

२. तंबाखूचा अर्क हा या घरातला सर्वांत धोकादायक पाहुणा.

अग्निअस्त्रासारख्या अर्कांत मिरची-लसणाबरोबर तंबाखू पडते. दोन मज्जापेशींमधला निरोप्या असतो असिटिलकोलीन. तंबाखूतलं निकोटिन त्याच्याच जागी जाऊन बसतं; आधी पेशीला भडकवतं, मग बधिर करतं. किडीत हे होतं, तसंच माणसातही. उंदरांवरच्या चाचण्यांत निम्मे उंदीर दगावतात ती मात्रा निकोटिनसाठी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५० मिलिग्रॅम आहे. निकोटिनसारखंच काम करणाऱ्या, प्रयोगशाळेत घडवलेल्या इमिडाक्लोप्रिडसाठी ती सुमारे ४५० आहे. म्हणजे या कसोटीवर नैसर्गिक रेणू कृत्रिम रेणूपेक्षा कितीतरी जहाल. इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना घातक ठरतं, ही त्याची वेगळी बाजू. निकोटिन सल्फेटच्या वापरावर भारतात बंदी आहे, हे अर्क करणाऱ्या किती जणांना सांगितलं गेलंय?

तंबाखू मळताना चुना का लावतात? त्याशिवाय ती ‘लागत’ नाही. चुन्यातल्या अल्कामुळे निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून भरभर रक्तात उतरतं. ज्या गोमूत्रात हा अर्क करतात, तेही शिळं झालं की अल्कधर्मीच असतं. आता अर्काच्या ड्रमशेजारचं दृश्य पाहा: एक बाई कोपरापर्यंत उघडे हात घालून तंबाखू-गोमूत्राचा चोथा फडक्यातून पिळते आहे. चुन्याचाच प्रयोग तिच्या कातडीवर चाललाय. मळमळलं, घाम फुटला, गरगरलं की ‘ऊन लागलं’ म्हणून ती सावलीत जाऊन बसते. आजाराची नोंद तिथेच संपते.

३. रोटेनोनची गोष्ट विसरू नये.

डेरिससारख्या शेंगवर्गीय वेलींच्या मुळांतलं रोटेनोन मासे गुंगवून धरायला वापरलं जाई. पुढे ‘नैसर्गिक’ म्हणून बागांतही ते कित्येक दशकं भुरभुरलं गेलं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या साखळीची पहिलीच कडी ते अडवतं. २००० साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या रक्तात ते दीर्घकाळ थोडं थोडं सोडलं. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या आणि उंदरांत पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली. २०११ साली अमेरिकी शेतकऱ्यांच्या एका अभ्यासात रोटेनोन वापरलेल्यांत पार्किन्सनची शक्यता सुमारे अडीचपट आढळली. एवढ्यावरून रोटेनोननंच रोग होतो असं सिद्ध होत नाही. सावध व्हायला मात्र ते पुरेसं आहे.

हे परदेशातलं म्हणून सोडता येत नाही. आपल्या सीताफळाच्या बियांतली असिटोजेनिनंही तीच कडी अडवतात. उवांसाठी ही बी वाटून डोक्याला लावतात. ओघळ डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. ज्या बीनं उवा मरतात, ती लेकराच्या डोक्यावर चोळताना आपण हात आखडत नाही.

४. कडुनिंबाला या रांगेत बसवू नका.

निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन मुख्यतः मज्जातंतूवर वार करत नाही. त्यानं अळीची भूक मरते, कात टाकण्याचं संप्रेरकांचं गणित बिघडतं आणि ती हळूहळू संपते. त्याची उंदरांसाठीची मारक मात्रा किलोमागे ५००० मिलिग्रॅमच्याही वर आहे. म्हणून पाच किलो निंबोळ्या कुटून, रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात केलेला पाच टक्के अर्क ही शहाणी सुरुवात. तरी कडुनिंबाचं तेल तान्ह्या बाळांना पाजल्यानं गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. सारांश, ‘वनस्पतिजन्य’ ही एक जात नाही. निंबोळी आणि तंबाखू एकाच शब्दात बसवणं म्हणजे दूध आणि ताडी दोन्ही पांढरी म्हणून एकाच पेल्यात ओतणं.

५. कायदा दुकानापर्यंत येतो, ड्रमपर्यंत येत नाही.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार विकायच्या कीटकनाशकाला नोंदणी लागते. डब्यावर घटक, प्रमाण, विषबाधेवरचा उपचार आणि विषारीपणा सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण लागतो. पण हिरवं पान छापलेल्या, ‘हर्बल’ म्हणवणाऱ्या कित्येक बाटल्यांवर यातलं काहीच नसतं. काहींत चक्क रासायनिक कीटकनाशकाची भेसळ निघते. रुग्ण दवाखान्यात आला की डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, ‘काय फवारलं?’ उत्तर येतं, ‘झाडपाल्याचं औषध.’ या उत्तरावर उपचार ठरत नाही.

६. ‘मग पुन्हा रसायनाकडे जायचं का?’

मुळीच नाही. यातली बरीच द्रव्यं उन्हात लवकर विरतात, मातीत साचून राहत नाहीत. हा त्यांचा मोठा गुण आहे. ‘आजोबा वापरायचे, त्यांना काही झालं नाही’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. आजोबांना काय झालं, याची नोंदच कुणी ठेवली नाही. ज्याला झाडपाल्याची शेती टिकवायची आहे, त्यानंच तिच्यातले धोके मोकळेपणानं सांगावेत. तसं न केल्यास एका अपघातानं निंबोळी अर्कही बदनाम होईल.

७. मागण्या साध्या आहेत.

कृषी विभागानं घरगुती अर्कांच्या प्रत्येक पाककृतीबरोबर हातमोजे, मास्क आणि मुलं-जनावरांपासून अंतर यांच्या सूचना छापाव्यात. प्रशिक्षणातून तंबाखू वगळावी. घटक न छापणाऱ्या ‘हर्बल’ बाटल्यांचे नमुने कृषी सेवा केंद्रांतून नियमित तपासावेत आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ग्रामीण रुग्णालयांनी विषबाधेच्या नोंदीत वनस्पतिजन्य अर्कांचा वेगळा रकाना ठेवावा.

आणि वाचकहो, सरकारची वाट न पाहता आजच एक करा. अंगणातल्या ड्रमवर रंगानं तीन गोष्टी लिहा: आत काय काय घातलं, कोणत्या तारखेला घातलं, आणि ठळक अक्षरांत ‘विष’. ‘औषध’ लिहू नका.