विळा, भोपळा आणि जाऊबाई

मैत्रिणींनो, शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईचीच ही फजिती आहे, तेव्हा थोडं हसून घ्या.

लग्न होऊन वर्ष झालं होतं. थोरल्या जाऊबाई चंद्रपूरला, आम्ही मूलला. त्यांना मी मोठ्या प्रेमानं पत्रात लिहिलं, "तुमचं-माझं सख्य म्हणजे अगदी विळ्या-भोपळ्याचं!" उत्तर नाही. दिवाळीलाही त्या आल्या नाहीत. शेवटी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, हे तर वैराला म्हणतात!"

खरंच की! विळा भोपळ्यावर पडो नाहीतर भोपळा विळ्यावर, चिरला जातो भोपळाच. 'सख्य' हा शब्द तिथे टोमण्यानं आलाय. मी बी.ए. झालेली, आणि नुसता शब्द पाहून भुलले.

मग जवळीक सांगायची कशी? 'एकमेकींवाचून पान हलत नाही' म्हणावं. पण यातलं 'एकमेकींवाचून' गाळू नका हं! 'हिच्यावाचून माझं पान हलत नाही,' असं आपले यजमान चारचौघांत कौतुकानं सांगतात. छान वाटतं. पण त्यात अडतं फक्त त्यांचं. आपलं कुठे अडतं, ते कुणी विचारत नाही.

हाँगकाँगकडच्या कँटोनीज भाषेत नवरा-बायकोसाठी एक म्हण आहे. म्हातारा म्हातारीला सोडत नाही, काटा वजनाला सोडत नाही. तिकडचा जुना काटा म्हणजे एक दांडी आणि तिच्यावर सरकणारं, लोंबतं वजन. वजन हरवलं तर दांडी नुसती काठी, आणि दांडी मोडली तर वजन नुसता गोळा. मला ही म्हण आवडते. दोघांचंही सारखंच अडतं. आपल्याकडे घरी धान कांडायचे तेव्हाचं उखळ-मुसळ आठवा, तसंच.

जाऊबाईंना मी दुसरं पत्र टाकलं. त्यात म्हण नाही की वाक्प्रचार नाही. 'कापणी आली. तुम्ही शेतावर उभ्या राहिलात तर मला मुलांचं आणि स्वयंपाकाचं बघता येईल. मी घर धरलं तर तुम्हांला शेतावर निवांत जाता येईल. या.' एवढंच.

उत्तर याही पत्राला आलं नाही. कापणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र एस.टी.तून त्या उतरल्या. हातात पिशवी, आणि पिशवीत हा एवढा मोठा भोपळा!