आखातात चालणारा रुपया

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो अधूनमधून फिरत असतो. रिझर्व्ह बँकेची जुनी नोट, रंग नेहमीपेक्षा वेगळा, आणि खाली ओळ : 'एकेकाळी अरब आपला रुपया वापरायचे!' नोट खरी आहे. दुबई, कुवेत, बहरीन, कतार, मस्कत इथे रुपया चालायचा हेही खरं. ज्यांच्या घरातला एक तरी माणूस आज आखातात कमावतो, त्यांना हे वाचून बरं वाटणं साहजिक आहे. पण तो रुपया तिथे गेला कसा आणि तिथून उठला कसा, हे त्या फॉरवर्डमध्ये नसतं.

रुपयाला नीट वजन दिलं शेरशाह सूरीने, सोळाव्या शतकात : साधारण साडेअकरा ग्रॅम चांदी. मुघलांनी तोच पुढे चालवला. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यावर इंग्लंडच्या राजाचा चेहरा आणला आणि आपल्या सगळ्या मुलखात एकच रुपया केला. पुढे कंपनीचं आणि मग राणीचं राज्य जिथे पोहोचलं, तिथे तोही पोहोचला. आखातातला ब्रिटिश रेसिडेंट बुशेहरला बसायचा, आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर हिंदुस्थान सरकारच्या. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे. तांदूळ, कापड, चहा मुंबईहून जायचा. व्यापाऱ्यांना रुपया सोयीचा होता यात शंका नाही. पण त्याच्यामागे उभं होतं ते साम्राज्य. आपल्या आजोबा-पणजोबांना त्यात काही मत नव्हतं, अरबांनाही नव्हतं.

मत नसण्याची किंमत आपणही मोजलेली आहे. रुपयाचा भाव तेव्हा लंडनमध्ये ठरायचा. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या, मग रुपया १ शिलिंग ४ पेन्सला बांधला गेला, आणि १९२७ मध्ये १ शिलिंग ६ पेन्सला. दोन पेन्सचा फरक किरकोळ वाटतो. पण रुपया महाग झाला की लँकेशायरचं कापड इथे स्वस्त पडतं, आणि परदेशात विकल्या गेलेल्या कापसाचे शेतकऱ्याच्या हातात कमी रुपये येतात. मुंबईचे गिरणीवाले आणि व्यापारी यावर उगीच चिडले नव्हते. हिल्टन यंग कमिशनमध्ये सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी वेगळं मत नोंदवलं ते यासाठीच. त्याच कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. १९२३ मध्ये त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ आला होता. त्यात त्यांचा रोख असा की, किती रुपये काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला पक्की मर्यादा घाला. आपल्याकडे या ग्रंथाचं नाव भाषणात घेतलं जातं, तो उघडून कमी पाहिला जातो.

१९४७ नंतर लंडनच्या जागी दिल्ली आली. पाकिस्तानने काही महिने 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असा शिक्का छापलेल्या रिझर्व्ह बँकेच्याच नोटा वापरल्या, आणि १९४८ मध्ये स्वतःची बँक काढली. आखातात मात्र अशोकस्तंभाचा रुपया तसाच चालू राहिला.

अडचण झाली सोन्याने. भारतात सोन्याचा भाव जगापेक्षा बराच चढा होता आणि आयातीवर बंधनं होती. दुबईहून सोनं गलबतांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं आणि बदल्यात रुपयांच्या नोटा गुपचूप परत जायच्या. तिथल्या बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे आणून पौंड मागायच्या, आणि पौंड द्यावे लागायचे. म्हणजे चोरट्या सोन्याचं बिल देशाच्या परकीय चलनातून भागत होतं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या त्या काळात पौंडांची आधीच ओढाताण होती.

म्हणून १९५९ मध्ये कायदा दुरुस्त करून आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या : रंग वेगळा, क्रमांकाआधी 'झेड' अक्षर, भारतात चालणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरची नोट बहुधा हीच. तिला गौरवाचं चिन्ह समजणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की, आपला खरा रुपया आखातातून काढून घेण्यासाठी ती छापली होती.

तिची एक बहीणही होती, हजची नोट. दहा आणि शंभर रुपयांची, क्रमांकाआधी 'एचए', आणि वर 'हज' असं छापलेलं. मुंबईहून जिद्दाला जहाजाने जाणाऱ्या हाजींना नेहमीच्या नोटांऐवजी या मिळायच्या, आणि सौदीत त्या बदलून घेता यायच्या. यालाही कुणी 'लाड' म्हणतं, कुणी 'मान'. दोन्ही चूक. हाजी पैसे स्वतःचेच नेत होता. त्याच्या खिशातली नोट तस्करीच्या चक्रात शिरू नये, एवढाच हिशेब होता. आज या नोटा लिलावात मोठ्या किमतीला जातात. कुणाच्या घरी जुन्या ट्रंकेत एखादी असेल तर लॅमिनेट करू नका, खराब होते.

तोवर आखाती देश आपापली वाट धरू लागले होते. कुवेतने १९६१ मध्ये दिनार आणला, एक दिनार म्हणजे सव्वातेरा रुपयांहून थोडा जास्त. बहरीनने १९६५ मध्ये आणला, दहा रुपयांना एक. मग ६ जून १९६६. दिल्लीने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० रुपयांना झाला. आखाती रुपया भारतीय रुपयाला बांधलेला होता. दुबई आणि दोहाच्या व्यापाऱ्यांनी आपल्या पंचवार्षिक योजनांत काही केलेलं नव्हतं, आपले दुष्काळ आणि आपली युद्धं त्यांची नव्हती, पण घसरण त्यांच्या तिजोरीपर्यंत येणार होती. ती अंगावर घ्यायला ते तयार झाले नाहीत. कतार आणि दुबईने तात्पुरता सौदी रियाल वापरला आणि त्याच वर्षी स्वतःचा रियाल काढला; अबूधाबीने बहरीनचा दिनार घेतला. ओमान १९७० पर्यंत थांबला. तिथे रियालचे सुटे आजही 'बैसा' म्हणवतात, म्हणजे आपला पैसाच.

दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपलं सगळं काम चालवणाऱ्याला ही भीती ओळखीची आहे. बदल तिकडे होतो, सकाळी बंद पडतं ते आपलं.

हे आता उगाळायचं कारण, रुपया पुन्हा बाहेर निघाला आहे. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँक आणि अमिरातीची मध्यवर्ती बँक यांच्यात रुपया-दिरहममध्ये थेट व्यवहारांचा करार झाला. पाठोपाठ अबूधाबीच्या तेलाचे काही पैसे रुपयांत दिले गेले. चांगली गोष्ट आहे, आणि या वेळी कागदावर दोघांच्या सह्या आहेत. पण दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर घट्ट बांधलेला आहे, रुपया तसा नाही. शारजात काम करणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. रुपया पडला की तो पैसे पाठवायला धावतो, आणि रत्नागिरीत त्याच्या घरी जास्त रुपये येतात. त्याच महिन्यात दुकानात तेलाचा डबा महागतो.

त्याच वर्षी मे महिन्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव गोव्यात होते. भारतीय बँकांत आपले अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत, अशी तक्रार त्यांनी तिथे केली. अमिरातीतला व्यापारी उद्या रुपया घेईल तेव्हा आधी हेच विचारेल : याचं मी काय विकत घेऊ, आणि दिल्लीने भाव बदलला तर मला कधी कळेल? १९६६ मध्ये याचं उत्तर कुणाजवळ नव्हतं. आज ते करारात कुठे लिहिलं आहे, हे विचारायला आपल्यातल्या अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी सुरुवात करावी.