जुना दिवा, नवी वायर

पडद्यामागे

दिवाळी सरली की नाशिकच्या हौशी नाट्यसंस्थांची धावपळ सुरू होते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आलेली असते. नेपथ्य, वेशभूषा, हॉलचं भाडं यांचा हिशेब झाल्यावर जे पैसे हाती उरतात, त्यात प्रकाशयोजना बसवायची असते. मग कुणाच्या गोदामातून, कुठल्या शाळेच्या रंगमंचाखालच्या खोलीतून, संस्थेच्या पोटमाळ्यावरून जुने स्पॉट बाहेर निघतात. चार महिने पावसाळ्याची ओल खाल्लेले हे दिवे फडक्यानं पुसले जातात, बल्ब पेटतो का पाहिलं जातं आणि ते थेट बारवर, म्हणजे रंगमंचावर दिवे टांगायच्या आडव्या पाइपवर, चढतात. बल्ब पेटला म्हणजे दिवा चांगला, असा आपल्याकडे पक्का समज आहे. हा समज जिवावर बेतू शकतो, म्हणून आज त्याबद्दल लिहितो आहे.

आधी माझी बाजू सांगतो. हे जुने दिवे भंगारात जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. जाड पत्र्याची किंवा ओतीव ॲल्युमिनियमची पेटी, आत पुढे-मागे सरकणारा बल्ब, मागे परावर्तक, पुढे दणकट काच एवढाच त्यांचा संसार. बिघडण्यासारखं त्यात फारसं नसतंच. लंडनच्या स्ट्रँड इलेक्ट्रिक कंपनीनं १९५३ मध्ये काढलेला पाचशे वॅटचा 'पॅटर्न २३' हा छोटा प्रोफाइल स्पॉट, म्हणजे रेखीव कडेचा झोत टाकणारा दिवा, जगात अजून ठिकठिकाणी वापरात आहे. फ्रेनेल स्पॉटची कंगोऱ्यांची काच तर त्याहून जुनी. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२०च्या दशकात ती दीपगृहांसाठी घडवली. तिच्यातून पडणाऱ्या प्रकाशाची कड इतकी मऊ असते की दोन स्पॉटांचे झोत एकमेकांत कुठे मिसळले, ते प्रेक्षकाला कळत नाही.

शिवाय टंगस्टनच्या बल्बाचा एक गुण अजून मागे पडलेला नाही. तो मंद करत नेला की आपोआप तांबूस होत जातो. रंगमंचावर संध्याकाळ उतरवायची असेल, तर एका डिमरवर ती सावकाश उतरते आणि नटाच्या चेहऱ्याची कातडी कातडीसारखीच दिसते. स्वस्त एलईडी दिवा शेवटच्या दहा टक्क्यांत अडखळतो आणि एकदम विझतो. ज्या शहरात वि. वा. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर यांनी नाटकं लिहिली, तिथल्या रंगकर्मींना असा शेवटचा मंद प्रकाश किती मोलाचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

पण जुना दिवा जपायचा म्हणजे त्याची पेटी, काच आणि परावर्तक जपायचा. त्याची वायर जपायची नाही. ती पूर्ण काढून टाकायची. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बाहेरून काळा रंग मारला जातो, काच चकचकीत होते, नवा बल्ब बसतो आणि आत पन्नास वर्षांपूर्वीची वायर तशीच राहते. असा दिवा न दुरुस्त केलेल्या दिव्याहून घातक, कारण त्याच्याकडे पाहून कुणाला शंकाही येत नाही.

असा एखादा हजार वॅटचा स्पॉट मागून उघडून पाहा. होल्डरपाशी वायरचं आवरण तपकिरी झालेलं असतं. बोटानं दाबलं की त्याचा भुगा होतो आणि आतली तांब्याची तार उघडी पडते. तारेचा लालसर रंग जाऊन ती काळी पडलेली असते. होल्डरच्या स्प्रिंगवर खड्डे असतात. स्क्रू अर्धा फेरा सैल असतो. २३० व्होल्टवर हजार वॅटचा बल्ब सव्वाचार अँपियरहून थोडा जास्त प्रवाह घेतो. सैल जोडावर अर्धा ओहम रोध तयार झाला, तरी तिथे नऊ वॅटच्या वर उष्णता निर्माण होते. घरातला एलईडी बल्ब जेवढी वीज खातो, तेवढी सगळी एका स्क्रूच्या टोकाशी तापत राहते. जास्त प्रवाह झाला की पडणाऱ्या एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. जोड आणखी तापतो, तापला की आणखी सैल होतो आणि एखाद्या प्रयोगात वर बारवरून जळका वास येऊ लागतो. खाली झालरी असतात, विंगा असतात, पडदे असतात.

नाटकाच्या धंद्यात आगीची भीती पहिल्यापासून आहे. १८८१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात विजेचे दिवे आले, तेव्हा मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी रंगमंचावर येऊन कापडात गुंडाळलेला पेटता बल्ब फोडून दाखवला. कापड जळलं नाही. गॅसच्या ज्योतीपेक्षा वीज सुरक्षित, हे प्रेक्षकांना पटवायचं होतं. पण शिकागोच्या इरोक्वा थिएटरात ३० डिसेंबर १९०३ रोजी आर्कलाइटच्या ठिणगीनं पडद्यानं पेट घेतला आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. काच फुटून जे होत नाही, ते एका ठिणगीनं होतं. आपल्याकडे ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी डोळ्यांदेखत गेली. तिथल्या आगीच्या कारणाची चर्चा मी इथे करणार नाही. पण ती दृश्यं पाहिल्यावर आपल्या गावातल्या नाट्यगृहाच्या बारवर काय टांगलं आहे, हे पाहावंसं न वाटणारा रंगकर्मी मला समजत नाही.

मग दुरुस्ती कशी हवी? पहिला धोका विजेचाही नाही, ॲस्बेस्टॉसचा आहे. जुन्या परदेशी दिव्यांत होल्डरकडे जाणाऱ्या वायरवर पांढुरकं, कापसासारखं विणलेलं आवरण दिसलं, तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यावर फुंकर मारायची नाही, ब्रश फिरवायचा नाही, कात्रीनं कुरतडायचं नाही. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचा आजार कित्येक वर्षांनी उघड होतो. असा दिवा बंद पिशवीत बाजूला ठेवायचा. ते आवरण काढणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे आणि निघालेला माल घातक कचरा म्हणून परवानाधारक केंद्राकडेच गेला पाहिजे.

नवी वायर घालताना आपण दुसरी चूक करतो. हार्डवेअरच्या दुकानातली साधी पीव्हीसी वायर आत ओढतो. ती सत्तर अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी असते. स्पॉटच्या पोटात तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. तिथे १८० अंश सोसणारी सिलिकॉनची वायर, वर फायबरग्लासची नळी किंवा त्याहून वरची टेफ्लॉनची वायर लागते. जोड सोल्डरचे नकोत, कारण साधं सोल्डर १८३ अंशांना वितळू लागतं. वायरच्या टोकाला धातूचे लग दाबून (क्रिंप करून) ते स्क्रूखाली घट्ट बसवायचे. होल्डर चिनी मातीचा आणि नवाच घ्यायचा. खड्डे पडलेल्या जुन्या होल्डरमध्ये नवा बल्ब घातला की त्याच्या पिना जळतात, आणि जळक्या पिनांचा जुना बल्ब नव्या होल्डरमध्ये घातला की होल्डर जळतो. हॅलोजन बल्बाच्या काचेला बोट लावू नये, हे बहुतेकांना ठाऊक आहे. होल्डरची ही गोष्ट फार थोड्यांना.

सगळ्यात महत्त्वाचं अर्थिंग. बरेच जुने दिवे दोन वायरींवर चालणारे असतात, पेटीला अर्थ नसतोच. कधी असतो, पण सॉकेटमध्ये बसावा म्हणून कुणीतरी प्लगची जाड पिन काढून टाकलेली असते. शिडीवर चढलेल्या मुलाचा एक हात बारला, दुसरा स्पॉटच्या पेटीला. आत फेजची तार पेटीला टेकलेली असेल, तर झटका एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून जातो. म्हणून अर्थची वायर पेटीच्या धातूला थेट लागली पाहिजे. तिथला रंग खरवडायचा, दातेरी वॉशर घालायचा आणि ही वायर बाकी दोन वायरींपेक्षा थोडी लांब ठेवायची. ओढाताणीत केबल निसटलीच, तर अर्थ सगळ्यांत शेवटी सुटावा.

हे झालं की इन्सुलेशन मोजणारा मेगर लावायचा. ५०० व्होल्टला इन्सुलेशन किमान एक मेगाओहम दाखवायला हवं. मग दिवा तासभर पूर्ण प्रकाशात पेटता ठेवायचा, प्लग काढायचा आणि तो गरम असतानाच पुन्हा मोजायचं. थंड असताना पास होणारे काही दिवे गरम झाल्यावर नापास होतात. विजेची गळती पकडणारी तीस मिलिअँपियरची आरसीसीबी सारखी पडते म्हणून तिला बाजूला करून प्रयोग उरकणारे लोक आहेत. त्यांना हात जोडून सांगणं आहे, की ती उगाच पडत नाही. ओल खाल्लेला एखादा दिवा ती दाखवून देत असते. आणखी एक गोष्ट: डिमर शून्यावर आणला म्हणजे वीज बंद झाली असं नाही. थायरिस्टर डिमरमधून शून्यावरही होल्डरपर्यंत व्होल्टेज येऊ शकतं. बल्ब बदलायचा तर प्लग काढूनच.

एवढं करण्यापेक्षा सगळं एलईडी करा, असं कुणी म्हणेल. म्हणणं चुकीचं नाही. हजार वॅटचं काम दोनशे वॅटमध्ये होतं, उष्णता कमी होते, वीजबिल कमी येतं. मोठ्या नाट्यगृहांनी तिकडे जावंच. पण चांगला एलईडी प्रोफाइल हौशी संस्थेच्या आवाक्यात नाही, आणि जो आवाक्यात आहे त्याचा प्रकाश रंगमंचाच्या कामाचा नाही. युरोपात २०१८ मध्ये नव्या ऊर्जानियमांमुळे टंगस्टनचे दिवे रंगमंचावरून जाण्याची वेळ आली, तेव्हा तिथल्या रंगकर्मींनी मोहीम उभी केली आणि २०१९च्या नियमावलीत रंगमंचाच्या दिव्यांसाठी सवलत मिळवली. श्रीमंत देशांतल्या नाट्यगृहांनाही एका फटक्यात सगळं बदलणं परवडत नव्हतं. आपण निदान हातात आहे ते नीट वापरायला शिकावं.

नाशिकला तर सबब नाहीच. विजेचं साहित्य बनवणारं हे शहर आहे. एबीबी सातपूरला, सीमेन्स आणि पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज (आता सीजी पॉवर) अंबडला. ब्रेकर आणि स्विचगिअरवर काम करण्यात हयात घालवलेले कितीतरी लोक इथे निवृत्त होऊन राहतात. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये मुलं विजेचं काम शिकतात. त्यांच्या हातात असे जुने स्पॉट द्या. एका दिव्यात त्यांना रोध, उष्णता, इन्सुलेशन, अर्थिंग असं सगळं शिकायला मिळेल आणि शहराला दुरुस्त दिवे मिळतील.

म्हणून महापालिका, सार्वजनिक वाचनालय आणि शहरातल्या नाट्यसंस्थांपुढे तीन मागण्या ठेवतो. पहिली, महापालिकेचं कालिदास कलामंदिर, वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि शाळा-महाविद्यालयांच्या रंगमंचांवरच्या जुन्या दिव्यांची यादी करा. यादी आणि तपासणी झाल्याशिवाय एकही दिवा भंगारात जाऊ नये. दुसरी, दरवर्षी पावसाळा संपताच, स्पर्धेच्या आधी, आयटीआयच्या मदतीनं दुरुस्तीचं शिबिर भरवा. काम परवानाधारक वायरमनच्या देखरेखीखाली होऊ द्या. तिसरी, नाट्यगृहाच्या बारवर चढणाऱ्या प्रत्येक दिव्याला, मग तो भाड्याचा का असेना, तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि सेफ्टी चेन असलीच पाहिजे. चिठ्ठी नाही, तर दिवा वर जाणार नाही. जे दिवे नापास होतील, त्यांच्या वायरी काढून ते वाचनालयात मांडा. मुलांना ते पाहायला आवडतील.

या तिन्ही कामांना फार पैसा लागत नाही. यंदाच्या स्पर्धेला अजून थोडा अवधी आहे. संस्थांनी आपापल्या पोटमाळ्यावरचे स्पॉट या रविवारी खाली उतरवावेत आणि प्लग लावण्याआधी मागचा स्क्रू काढून आत पाहावं.